महालातली विहीर आणि खडूची रेघ

ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्या गल्लीत घरोघरी एक अर्ज फिरला. नागपूरच्या महाल या जुन्या भागात, वाड्यांच्या मागच्या बाजूला आमची गल्ली आहे आणि तिच्या तोंडाशी दगडी कठड्याची एक गोल विहीर. अर्जात लिहिलं होतं की ही विहीर वापरात नाही, तिच्यात डास होतात, डेंग्यू पसरतो, पोरंबाळं पडायची भीती आहे, तरी महापालिकेने ती बुजवून जागा सपाट करून द्यावी. खाली एकवीस सह्या होत्या. बाविसावी बाबांची व्हायची होती. त्यांनी पेन उघडलं आणि मला विचारलं, "तू तं ह्याच्यातच एमएस्सी केली न? सांग, करू का सही?"

मला उत्तर देता आलं नाही. विहीर किती खोल आहे, पाणी किती खाली आहे, वैशाखात टिकतं की आटतं, डास खरोखर तिच्यातच होतात का, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. भूशास्त्राच्या एमएस्सीच्या प्रबंधासाठी काटोल तालुक्यातल्या संत्र्याच्या बागांमधल्या विहिरी मी महिनोन् महिने मोजल्या होत्या. घरापासून चाळीस पावलांवरच्या विहिरीत मात्र एकदाही टेप सोडला नव्हता. बाबांना म्हटलं, "थोडं थांबा." त्यांनी पेनाला टोपण लावलं.

तिथपासून आजवर काय घडलं ते इथे मांडते आहे. नुकतीच पदवी हातात आलेल्या आणि याच शहरात राहणाऱ्या मुलामुलींना त्याचा उपयोग व्हावा अशी मनापासून इच्छा आहे. म्हणून जे चुकलं तेही सगळं लिहिलं आहे.

वर्गाबाहेर शिकलेलं

नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ची. आज ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखलं जातं. लॉ कॉलेज चौकाजवळच्या परिसरात भूशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे, तिथे मी दोन वर्षं होते. भूशास्त्र शिकायला नागपूरसारखं शहर क्वचित मिळतं. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची कड याच भागात संपते. शहराच्या पश्चिमेला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, आणि पूर्वेकडे सरकलं की पायाखाली त्याहून कितीतरी जुना पट्टेदार खडक. टाकळी आणि सीताबर्डी परिसरात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्याच्या तळ्याचा गाळ दगड होऊन बसला आहे आणि त्या दगडात गोगलगायींचे शंख आहेत. एक लाव्हा थंड झाल्यावर आणि दुसरा यायच्या आधी इथे तळी होती, त्यांत जीव नांदत होते. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे दगड गोळा केले. १८६३ साली टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. हिस्लॉप कॉलेज रोज ओलांडून जाणाऱ्या किती जणांना ते नाव दगड शोधणाऱ्या माणसाचं आहे हे ठाऊक असेल? मलाही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

पण माझ्या कामी आली ती क्षेत्रवही, म्हणजे बाहेर फिरताना नोंदी करायची वही. जाड पुठ्ठ्याची, खिशात मावणारी. पेन्सिलने लिहायचं, कारण पावसात शाई पसरते. चुकलं तर खोडरबर वापरायचा नाही, एक आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहायचा, म्हणजे आधी काय वाटलं होतं तेही राहतं. तारीख, वेळ, जागा आधी, मत सगळ्यात शेवटी. आमचे सर वही तपासताना म्हणायचे, "हे तुम्ही पाहिलं की तुम्हाला वाटलं? दोन्ही लिहा, पण वेगवेगळ्या पानांवर." त्या वाक्याने माझी विचार करायची पद्धत बदलली. आमच्या गल्लीतल्या अर्जात पाहिलेलं आणि वाटलेलं एकाच पानावर होतं.

दुसरी गोष्ट राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातली, बीएस्सीच्या वर्षांतली. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा साचा आहे. अनेक जण ती गुणांसाठी करतात, मीही तशीच गेले होते. काटोल तालुक्यातल्या एका गावात आमचं शिबिर होतं. सकाळी श्रमदान, दुपारी घरोघरी सर्वेक्षण. एका आजीला मी छापील प्रश्न विचारला, "उन्हाळ्यात विहिरीची पाणीपातळी किती खाली जाते?" तिला प्रश्नच कळला नाही. शेजारची बाई म्हणाली, "पायऱ्या विचारून राहिली ते." मग आजी एका दमात बोलली: "औंदा अकरावी पायरी उघडी पडली. मागच्या साली नववीवरच थांबलं होतं. लेकीचं लग्न झालं त्या साली सगळ्याच उघड्या पडल्या."

तिच्याकडे तीस वर्षांच्या नोंदी होत्या आणि माझ्याकडे कोरा रकाना. त्या दिवशी मी वहीत लिहिलं, "एकक: पायरी." पुढे एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी मुद्दाम त्याच भागातल्या विहिरी घेतल्या.

पुराची रेघ

अर्ज फिरायच्या आधी तीन आठवडे शहराने एक भयंकर रात्र काढली होती. २२ सप्टेंबर २०२३च्या मध्यरात्रीनंतर काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, माणसं दगावली. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही. दोन दिवसांनी आम्ही जुने वर्गमित्र अंबाझरी लेआउटमध्ये चिखल काढायला गेलो. गाद्या, पुस्तकं, फ्रीज, लहान मुलांची दप्तरं, सगळं रस्त्यावर वाळत घातलेलं होतं. एका घरात काकू भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथपर्यंत." त्यापुढे त्यांना बोलवेना.

मैत्रिणीने पर्समधून टेप काढला आणि ती रेघ जमिनीपासून मोजली. मग शेजारच्या घरातली, मग त्याच्या पुढची. सांगितलं कोणी नव्हतं, हात आपोआप गेला. चार दिवसांत त्या भिंती धुतल्या जाणार होत्या आणि रेघा पुसल्या जाणार होत्या. संध्याकाळपर्यंत आमच्या वहीत दोन पानं भरली. त्या नोंदींनी पूर ओसरला नाही की कोणाचं नुकसान भरून आलं नाही. पण पाणी कुठे किती चढलं हे सांगायला आमच्याकडे आकडा होता, आणि तो भिंतीने दिलेला होता.

महालात राहून अंबाझरीचं पाणी मोजायला जाते आणि दारातली विहीर पाहत नाही, हे मला तेव्हाही सुचलं नाही. बाबांच्या प्रश्नाने ते सुचवलं.

एक वर्षाची नोंद

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मी विहिरीवर गेले. लोखंडी जाळी अर्धी तुटलेली होती. खाली थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या, नारळ, फुटलेल्या तसबिरी. त्यांच्यामधून हिरवट पाणी दिसत होतं.

पद्धत साधी आहे, कोणालाही जमेल. कठड्यावर एक खूण रंगवायची आणि दर वेळी तिथूनच मोजायचं. टेपच्या टोकाला ओळंबा बांधायचा, शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासायचा, टेप पाण्यात बुडेपर्यंत सोडायचा आणि वर ओढायचा. खडू जिथपर्यंत भिजला तेवढं वजा करायचं, कठड्याची उंची वजा करायची, उरतं ते जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर. वार आणि वेळ बदलायची नाही. आजूबाजूच्या घरांत बोअर आहेत, त्यांच्या मोटारी चालू झाल्या की पातळी हलते.

पहिल्या रविवारी पाणी तीन मीटरच्या आत होतं. विहीर आटली आहे असं गल्लीतले निम्मे लोक सांगत होते. वहीतलं पहिलंच पान त्यांच्या म्हणण्याशी जुळेना.

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेच्या वर निघालं, कोलिफॉर्म जिवाणूही सापडले. जुन्या वस्तीत याचा अर्थ लावायला फार शिकावं लागत नाही. जुन्या गडरलाइनी, म्हणजे सांडपाण्याच्या नळ्या, झिरपतात आणि तेच पाणी विहिरीला मिळतं. म्हणजे हे पाणी पिण्याचं नव्हतं आणि लवकर होण्यातलंही नव्हतं. हे मी गल्लीत स्पष्ट सांगितलं. एका काकाजींनी लगेच विचारलं, "मग ठेवायची कायले?" त्यांचा प्रश्न रास्त होता.

त्याचं उत्तर उन्हाळ्याने दिलं. नागपूरचा उन्हाळा म्हणजे कूलर. वाळ्याच्या ताट्या लावलेला आमच्या घरचा मोठा कूलर मे महिन्यात दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी पितो. मी बादल्या मोजल्या आहेत. पेंच आणि कन्हानहून आणलेलं, शुद्ध केलेलं पिण्याचं पाणी आपण ताट्यांवर ओततो. झाडं, अंगण, गाड्या, संडास, बांधकाम हे सगळं आणखी वेगळं. त्या मेअखेरीस विहिरीचं पाणी जमिनीपासून साडेसहा मीटरवर होतं. गाळ धरूनही खाली दोन मीटर पाणी शिल्लक होतं. शहर जेव्हा सगळ्यात तहानलेलं असतं, त्या दिवसांतही विहीर रिकामी नव्हती.

त्याच आठवड्यातली एक बातमी अनेकांना आठवत असेल. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि दिवसभर तो आकडा देशभर फिरला. पुढे हवामान खात्याने ते उपकरण सदोष असल्याचं सांगितलं. २३ मे २०१३ला शहराने ४७.९ अंश पाहिले आहेत, तेवढंही माणसाला पुरे आहे. पण ५६ची बातमी ऐकून गल्लीतला एक दहावीचा मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, तुमचा टेप बरोबर आहे का, हे तुम्ही कसं तपासता?" मला त्या प्रश्नाचा फार आनंद झाला. आम्ही दोघांनी तो टेप दुसऱ्या टेपशी जोडून पाहिला. ओढून ओढून तो दहा मीटरमागे दोन सेंटिमीटर ताणला गेला होता. आधीच्या सगळ्या नोंदींवर मी आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्त आकडे लिहिले.

डासांचंही तसंच झालं. जुलै-ऑगस्टमध्ये विहिरीच्या पाण्यात अळ्या होत्याच, ते खोटं नव्हतं. पण डेंग्यूचा डास साठवलेल्या, तुलनेने स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्या दहावीच्या मुलाला आणि त्याच्या बहिणीला घेऊन मी गल्लीतलं प्रत्येक घर पाहिलं. पाऊस लागल्यावर कूलर बंद झाले होते, पण टाक्या कोणी रिकाम्या केल्या नव्हत्या. वळवळणाऱ्या अळ्या होत्या कूलरच्या टाक्यांत, गच्चीवरच्या टायरात, फ्रीजच्या मागच्या तबकडीत. आमच्या घरच्या कूलरमध्येसुद्धा. तो मी सगळ्यांसमोर आधी उपडा केला.

आलेख फसला

वर्ष पुरं झालं तेव्हा माझ्याकडे बावन्न नोंदी होत्या. मी सुबक आलेख काढला, मोठ्या कागदावर छापून आणला आणि गणपती मंडळाच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली. रेघ मेमध्ये वर चढलेली, ऑगस्टमध्ये खाली उतरलेली. मी वीस मिनिटं बोलले.

शेवटी एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे पोरी, उन्हाळ्यात पाणी वाढते अन् पावसाळ्यात कमी होते? हे कसं काय?"

खोली जितकी जास्त तितकी रेघ वर, आणि खोली जास्त म्हणजे पाणी कमी. मला सवयीने ते सरळ वाटत होतं. बाकी कोणालाच ते सरळ वाटणं शक्य नव्हतं. माणसं एकेक करून उठली. जाताना कोणीतरी म्हणालं की पोरीने मेहनत केली बाप्पा, पण विहीर बुजवलेलीच बरी.

त्या रात्री मी शिबिरातली जुनी वही काढली. "एकक: पायरी." हे पान माझ्याचकडे होतं, तरी मी गल्लीसमोर अक्ष घेऊन उभी राहिले होते.

दुसऱ्या आठवड्यात रंगाचा डबा आणला. रंगकाम करणाऱ्या शेजारच्या दादांनी लांब बांबूला ब्रश बांधून, वरूनच, विहिरीच्या आतल्या भिंतीवर दर अर्ध्या मीटरला पांढरी पट्टी मारली; पाण्याखालच्या पट्ट्या पाणी उतरत गेलं तशा मारल्या. मेमध्ये पाणी जिथपर्यंत उतरलं होतं ती जागा उन्हाळा येईपर्यंत दिसणार नव्हती, म्हणून वरच्या कठड्यावर तेवढ्या पट्ट्या मोजून लिहिलं: "वैशाखात तेरा पट्ट्या." ऑगस्टच्या पातळीजवळ लाल रंगात "पोळा." बस, एवढंच.

लोक थांबून बघायला लागले. दूध आणायला जाताना, शाळेतून येताना. "आज पाणी आणखी एक पट्टी उतरलं." पुढचा उन्हाळा जवळ यायला लागला तसे आकडे गल्लीच्या तोंडी बसले. माझ्याआधी मावशीच सांगायच्या. खडूचा टेप मी आजही सोडते, कारण पट्टीने सेंटिमीटर कळत नाही. पण ही विहीर जिवंत आहे हे गल्लीला त्या पट्ट्यांनी पटवलं.

विहीर कोणाची

आता साफ करायची म्हटलं तर परवानगी कोणाची घ्यायची? २०२२च्या मार्चपासून महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. ज्याच्या दारी जायची सवय असते तो माणूसच नव्हता. ज्या कार्यालयात मी अर्ज दिला तिथून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे पाठवलं गेलं. विद्यापीठाने मला खडक वाचायला शिकवलं होतं, फाइल वाचायला शिकवलं नव्हतं. हा भाग मी एका निवृत्त तलाठी काकाजींकडून शिकले आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्यांनी सांगितलं की आधी सिटी सर्व्हेमधून त्या जागेचा नकाशा आणि मिळकत पत्रिका काढ. विहीर खासगी वाड्याच्या हद्दीत असेल तर गोष्ट वेगळी, सार्वजनिक असेल तर वेगळी. मग माहितीच्या अधिकारात अर्ज कर. २००५च्या त्या कायद्याखाली दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाही मिळालं तर पहिलं अपील. अर्जात "का" विचारायचं नाही, "कोणती नोंद आहे, तिची प्रत द्या" एवढंच विचारायचं. सरांच्या पाहिलं-वाटलं या पानांसारखंच हे. मला उत्तर अपिलानंतर मिळालं. नोंदीत विहीर सार्वजनिक होती. बुजवण्याचा कोणताही आदेश नव्हता.

ती प्रत, बावन्न नोंदी, प्रयोगशाळेचा अहवाल आणि कूलरमधल्या अळ्यांचे फोटो जोडून नवा अर्ज गेला. या वेळी खाली एकोणीस सह्या होत्या. त्यांतल्या बारा जुन्या अर्जावरच्याच. तेव्हा ज्यांनी बुजवा म्हटलं होतं त्यांना मी कधीच दोष दिला नाही. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, हे दुखणंही खरं आहे आणि विहीर राहिल्याने ते सुटलेलं नाही.

गाळ

हा भाग जरा थांबून वाचा, कारण यात जीव जाऊ शकत होता.

परवानगीचा कागद आला त्या संध्याकाळी मंडळाची पोरं दोर घेऊन विहिरीवर हजर. उत्साह खरा होता. एकाने कंदील पेटवून खाली सोडला, तो विझला नाही, आणि तो उतरायला निघाला. मी अक्षरशः त्याचा हात धरला. दिवा विझला तर हवेत प्राणवायू कमी आहे हे कळतं. पण सडलेल्या गाळातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड माणसाला मारण्याइतका असला तरी दिवा शांतपणे जळत राहतो. गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. विहिरीत एक उतरतो, त्याला काढायला दुसरा, त्याला काढायला तिसरा, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

मे २०२५मध्ये, पाणी सगळ्यात खाली असताना, विहिरी खोदणारी अनुभवी मंडळी यारी, म्हणजे गाळ वर ओढायचं यंत्र, घेऊन आली. दोन दिवस आधी मोटार लावून पाणी उपसलं, वरून हवा मारली, एका ओळखीच्या अभियंत्याने गॅस मोजायचं यंत्र आणलं. जो उतरला त्याच्या कमरेला पट्टा आणि वर दोन माणसं. पैसा वर्गणीतून आला. सगळ्यात मोठा वाटा मंडळाचा, त्या वर्षीच्या रोषणाईतून वाचवलेला. दोन मीटरच्या वर गाळ निघाला. पिशव्या, बाटल्या, मूर्तींचे लोखंडी सांगाडे, सायकलचं चाक, देवांच्या फुटक्या तसबिरी. तान्ह्या पोळ्याला आमच्या भागातून काळ्या-पिवळ्या मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. घरातली ईडापीडा तिच्यासोबत वेशीबाहेर जावी अशी ती परंपरा आहे. गल्लीची ईडापीडा मात्र इतकी वर्षं या विहिरीत जात होती. गाळाचा ढीग पाहून एक आजी रडल्या. त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या याच विहिरीचं पाणी भरत होत्या.

साफ झाल्यावर आम्ही भरणचाचणी घेतली. दीड मीटर पाणी उपसलं आणि रात्रभर दर तासाला पातळी लिहिली. त्या रात्री मोजायला पाच जण होते. पहाटे सहाला पाणी जिथल्या तिथे आलं होतं. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी उभं असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरतं.

आज

विहिरीवर नवी जाळी आहे, तिला कुलूप आहे, चावी तीन घरांत आहे. छोटी मोटार, टाकी आणि तीन तोट्या. वर मोठ्या अक्षरात फलक: "पाणी पिण्यासाठी नाही." कूलर, झाडं आणि धुण्यासाठी चौदा घरं ते वापरतात. पाणी जड आहे, ताट्यांवर खार धरतो, त्या दर महिन्याला खरवडाव्या लागतात. विहिरीत गप्पी मासे आहेत, ते अळ्या खातात. शनिवार कोरडा दिवस ठरला आहे, त्या दिवशी प्रत्येक घर आपली भांडी आणि टाक्या रिकाम्या करतं. म्हणजे करायचं ठरलं आहे, सगळे करत नाहीत.

न जमलेलंही सांगते. नायट्रेट कमी झालेलं नाही, कारण गडरलाइन तशीच आहे आणि ती बदलणं गल्लीच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठीचा अर्ज अजून फिरतो आहे. छतावरचं पावसाचं पाणी गाळून विहिरीत सोडायचं असं मी म्हणत होते. हिशोब सोपा आहे. शंभर चौरस मीटर छत आणि नागपूरचा वर्षाचा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, वाया जाणारा पाचवा भाग सोडला तरी एका छतावरून ८० हजार लिटर. पण गिट्टी-वाळूचं गाळणकुंड बांधायला जागा द्यायला आतापर्यंत एकच घर तयार झालं आहे. निर्माल्याची पिशवी रात्री जाळीवर ठेवून जाणारे दोघं-तिघं आहेतच.

हे लिहिताना एक मागणी मनापासून करावीशी वाटते. देशभरातल्या विद्यापीठांत दर वर्षी विद्यार्थी विहिरी, नाले, झाडं, रहदारी, वस्त्या मोजतात. ते प्रबंध गुण मिळाले की कपाटात जातात. आमच्या विभागात जुना प्रबंध मागितला तर ग्रंथालयातल्या ताईंनी धूळ झटकून तो काढून दिला. जुन्या नागपुरातल्या विहिरींच्या पातळ्या त्यात हाताने लिहिल्या होत्या. आमची विहीर त्यात नव्हती, शेजारच्या गल्लीतली होती. तो अनोळखी विद्यार्थी कोण, आता कुठे असेल, मला माहीत नाही. पण त्याच्या पेन्सिलीच्या आकड्याला मी माझा आजचा आकडा जोडून पाहू शकते. असे प्रबंध त्या-त्या भागातल्या वाचनालयात, शाळेत, मंडळाच्या खोलीत एक प्रत म्हणून ठेवले तर केवढं काम वाचेल. प्रबंधाचा विषय निवडताना आपलं घर जिथे आहे ती गल्ली घ्यायला कोणी सांगत नाही. मी पुढच्या मुलांना तेच सांगते.

तो दहावीचा मुलगा आता बारावीत आहे. त्याची वही वेगळी आहे आणि त्यात तो पेनाने लिहितो. मी दोनदा सांगून पाहिलं.

येत्या रविवारी शेजारच्या गल्लीतली, त्या जुन्या प्रबंधातली विहीर मोजायची आहे. तिच्यावर पक्कं सिमेंटचं झाकण आहे, त्याला लोखंडी दार आहे आणि दाराला गंजलेलं कुलूप. चावी कोणाकडे आहे, हे बाबा दोन दिवसांपासून घरोघरी विचारत फिरत आहेत.